अजूनवाले डॉक्टर

अन्वी, तुझा मागच्या रविवारचा निरोप मी तीनदा वाचला. तू कुत्रा आणलास, त्याला तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंस, आणि त्यांनी विचारलं, हा दिवसाला पाणी किती पितो? तू लिहितेस, ‘आजी, मी म्हटलं, नेहमीप्रमाणे. त्यावर त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.’ खाली तू हसरा चेहरा टाकला आहेस. मला हसू आलं नाही. मी फोन पालथा ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे आपल्या कुत्रीचं, चिकूचं, पाण्याचं भांडं असायचं, तिकडे बघत बसले.

आपल्या घरात एका माणसाचा उल्लेख ‘तो डॉक्टर’ असा होतो. तू आणि ओम, दोघं भावंडं त्याला तेवढंच ओळखता. त्या माणसाला नाव होतं, डॉ. मुनीर इनामदार. त्यांच्याविषयी मी तुम्हा दोघांना आज नीट लिहिणार आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. पण आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवूनही हे मला इंग्रजीत लिहिता येणार नाही, कारण यातला मुख्य शब्द मराठी आहे. तो शब्द म्हणजे ‘अजून?’

शहरात कुत्री-मांजरं पाळणारे लोक त्यांना ‘अजूनवाले डॉक्टर’ म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते माहीत होतं. उस्मानपुऱ्यातल्या एका गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. दारावर स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी: ‘फक्त पोटातले, रक्तातले आणि न कळणारे आजार. हाड मोडले असल्यास समोर जावे.’ समोर त्यांचे मित्र डॉ. सरोदे यांचा जनावरांच्या शस्त्रक्रियेचा दवाखाना. सरोदे म्हणायचे, “मुनीरभाईकडं कुत्रा आजारी असतो आणि घाम मालकाला फुटतो.”

ते खरंच होतं. आपण जनावर घेऊन आत गेलो की हे उठायचे नाहीत, बोलायचे नाहीत, जनावराकडे बघायचेही नाहीत. उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात एक निळं आणि एक लाल पेन. खुर्चीत बसल्या बसल्या उजवा हात बाजूला खाली सोडायचे, पंजाची मागची बाजू पुढे करून, आणि खिडकीबाहेर बघत राहायचे. जनावर येऊन तो हात हुंगेपर्यंत असंच. चिकूने पहिल्या दिवशी चांगली सात-आठ मिनिटं घेतली. मी दोरी ओढायला लागले तर म्हणाले, “राहू द्या. आधी तिची परवानगी, मग आपलं काम.” तिने हात हुंगला, चाटला, आणि मग त्यांनी माझ्याकडे बघून पहिला प्रश्न केला.

“दिवसभर हिच्याजवळ कोण असतं?”

“मी.”

“मग तुम्ही बसा. सांगा.”

मी सांगितलं. मधूनच खाणं सोडते, थरथरते, एखादी उलटी, दोन दिवस अंग टाकून पडते, मग आपोआप बरी होते. मी नेहमीच्या शिस्तीने, मुद्देसूद सांगितलं आणि थांबले.

“अजून?”

मी आणखी थोडं सांगितलं.

“अजून?”

पाऊण तास असा गेला. चिकूला त्यांनी त्या दिवशी जेमतेम पाच मिनिटं तपासलं. बाहेर पडताना मला वाटलं, तपासणी माझीच झाली.

ही विचारण्याची सवय त्यांना फुलंब्री तालुक्यात लागली. तिथे ते बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींचे डॉक्टर होते. “म्हशीला मशीनवर चढवता येत नाय,” ते म्हणायचे. “मग ती ज्याच्या दावणीला आहे त्यालाच उलटंसुलटं विचारायचं. काल कुठं चरली, कोणत्या विहिरीचं पाणी प्याली, रात्री बसली का उभीच राहिली.” चाळिशी उलटल्यावर नोकरी सोडून ते दक्षिणेत कुत्र्या-मांजरांच्या अंतर्गत आजारांचं शिक्षण घ्यायला गेले आणि मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसले. त्यांचे अब्बा तेव्हा नातेवाइकांना सांगत, “हमारे मुनीर को देखो. भैंस छोडके बिल्ली का खून जांचने मदरास जारा.” हे सांगताना डॉक्टरांना इतकं हसू यायचं की चष्मा काढून पुसावा लागायचा.

जनावराजवळ दिवसभर असणारा माणूस खुर्चीत बसेल आणि बाकीचे उभे राहतील, हा त्यांचा कायदा होता. एकदा मी बाहेरच्या बाकावर होते तेव्हा चितेगावच्या एका कारखान्याचे मालक त्यांचा लॅब्रॅडॉर घेऊन आले होते. मधलं दार ते कधी पुरतं लावत नसत, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

“नेहमीप्रमाणे खातो, नेहमीप्रमाणे फिरतो,” मालक म्हणाले. “उलट्या तेवढ्या होतात.”

“नेहमी म्हणजे किती?”

“नेहमी म्हणजे… नेहमी जेवढं खातो तेवढं.”

“तुम्ही स्वतः शेवटचं खायला कधी घातलंत?”

गाडीतून स्वयंपाकी बोलावला गेला, त्याला खुर्ची मिळाली आणि साहेब भिंतीला टेकून उभे राहिले. स्वयंपाकी म्हणाला, “मी कशाला खोटं बोलू साहेब, एकच पोळी देतो. तुपाची.” अजून? वॉचमन एक देतो. अजून? ड्रायव्हर एक देतो. अजून? बाईसाहेब दोन देतात, पण त्या साहेबांना सांगायच्या नाहीत. प्रत्येकाची आपली एखाद-दुसरीच पोळी. बिचाऱ्याचं स्वादुपिंड सुजलं होतं.

‘नेहमीप्रमाणे’ हा त्यांचा नावडता शब्द. केसपेपरवर एखाद्या नवशिक्या डॉक्टराने तो लिहिलेला दिसला की ते लाल पेन काढत आणि असा खोडत की कागद फाटायचा.

शहागंजच्या अम्मींची गोष्ट तर सरोदे सगळ्यांना सांगत, पण मी ती स्वतः ऐकली आहे. सत्तरीच्या बाई, बुरख्यात, हातातल्या टोपलीत पांढरी मांजर, नाव शहजादी.

“अजून?”

“अजून क्या? खाती नै, पीती नै, कोने में बैठको रहती.”

“अजून?”

“अजी डॉक्टर साब, बिल्ली कू पूछो ना! मेरेकू क्या पूछरे?”

“तिला विचारून झालं अम्मी. आता तुम्ही सांगा. या आठवड्यात घरात नवीन काय आलं?”

“बहू आयी.”

बाहेर बसलेले आम्ही सगळे हसलो. आतून पुन्हा तोच आवाज, तितकाच शांत. “अजून?”

“बहू का सामान आया. वलीमे की दावत के फुलां आये, ये बडे बडे, सफेद. लिली बोलते. पूरा घर महकरा.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गप्पा संपायच्या आत ते उठल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्या फुलांचा नुसता पराग अंगावर पडला आणि मांजरीने तो चाटला तरी तिची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. फोन करून फुलं घराबाहेर टाकायला लावली, शहजादीला तिथेच सलाईनवर ठेवून घेतलं, आणि ती जगली. अम्मी जाताना म्हणाल्या, “बहू बच गयी डॉक्टर साब. मैं तो बोली थी, इसकी नजर लगी बिल्ली कू.”

अशा माणसाकडे आपली चिकू होती. वेरूळच्या रस्त्यावर रसवंतीपाशी तुम्ही दोघांनी उचललेली, ओमच्या शर्टात गुंडाळून आणलेली. तुम्ही तिला त्यांच्याकडे कधी पोहोचवलं नाही, ते काम माझं, म्हणून तुम्ही त्यांना पाहिलं नाही.

त्यांनी मला वही ठेवायला सांगितली. पाणी, खाणं, उलटी, चालणं, शेरा. “जेव्हाचं तेव्हा लिहायचं. खाडाखोड चालेल, डाग चालतील. फेअर करायची नाय.” आता तुम्हाला माझं कपाट ठाऊक आहे. मी पट्टीने रकाने आखले. रोजच्या गडबडीत कागदाच्या चिटोऱ्यावर लिहायची आणि दर रविवारी सुवाच्य अक्षरात वहीत उतरवायची. पहिल्यांदा वही बघून ते बराच वेळ पानं उलटत राहिले आणि म्हणाले, “प्रोफेसरबाई, वही फार सुंदर आहे. मला भीती वाटते.”

मी ते कौतुक समजले.

मग तुम्ही बाबाबरोबर परदेशी गेलात. तुम्हाला निरोप द्यायला मी मुंबईला आले आणि सगळं धरून चार दिवस घराबाहेर होते. चिकूजवळ आपली कौसाबाई राहायला आली होती. पंधरा वर्षं आपल्याकडे कामाला असलेली, पण त्यापूर्वी कधी रात्री राहिली नव्हती. मी परत आले तेव्हा चिकू दाराशी शेपूट हलवत उभी होती. तुमच्या खोलीत रिकामे हॅंगर लटकत होते. कौसाबाई म्हणाली, “बाई, तुम्ही गेल्यावर चिकूचं—” आणि मी म्हटलं, “नंतर सांग गं.” मला त्या दिवशी कुणाचंच काही ऐकायचं नव्हतं.

रविवारी वही उघडली तर चार ओळी कोऱ्या. मला कोऱ्या ओळी सहन होत नाहीत. मी कौसाबाईला विचारायला हवं होतं. ती भिंतीपलीकडे भांडी घासत होती. मी पेन घेतलं आणि चारही ओळींत, एकाखाली एक, सरळ रेषेत लिहिलं: नेहमीप्रमाणे.

तीन आठवड्यांनी वही डॉक्टरांपुढे गेली. एका पानाच्या कडेला त्यांनी पेन्सिलीने काहीतरी लिहून पुढे प्रश्नचिन्ह केलेलं होतं. ते म्हणाले, “एक आजार असतो, प्रोफेसरबाई. मूत्रपिंडाच्या वर दोन बारक्या ग्रंथी असतात, ताण सोसायचं बळ त्या देतात. त्या सुकल्या की कुत्रं एरवी बरं दिसतं, आणि काही मोठं घडलं की कोसळतं. पुन्हा बरं होतं. फार लबाड आजार. मला हिच्याबद्दल तो संशय होता.” त्यांचं बोट त्या चार ओळींवर येऊन थांबलं. “हे मुलं गेली तेव्हाचे दिवस ना? घर रिकामं झालं, तुम्ही नव्हत्या. तेव्हाच तर ती पडायला पाहिजे होती.”

“ठीक होती,” मी म्हटलं.

“नेहमीप्रमाणे?” त्यांनी तो शब्द असा उच्चारला, जणू माझ्या अक्षरात तो त्यांना ओळखू येत नव्हता.

“हो.”

“अजून?”

“अजून काही नाही.”

लाल पेन त्यांनी खिशातून काढलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवला. पेन्सिलीने लिहिलेला संशय खोडला आणि पोटाचं औषध बदलून दिलं.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी शेजारी हळद होती. सकाळी आठपासून गच्चीवर डीजे. चिकू पलंगाखाली गेली आणि दहाच्या सुमाराला तिथेच आडवी झाली. मी आणि कौसाबाईने तिला चादरीत घालून रिक्षात घेतलं. रिक्षात कौसाबाई म्हणाली, “बाई, त्या टायमाला बी अशीच पडली व्हती. तुम्ही ममईला गेल्ता तवा. मी सांगाया आल्ते, तुम्ही म्हन्ला नंतर सांग.”

मी ते ऐकलं. नीट, स्वच्छ ऐकलं. हे मी इथे लिहून ठेवते आहे.

दवाखान्यात त्यांनी तिला टेबलावर घेतलं आणि अशा घाईतही हाताची मागची बाजू तिच्या नाकापाशी धरली. तिने हुंगला नाही. सुईसाठी शीर शोधता शोधता त्यांनी विचारलं, “काय झालं?”

“शेजारी डीजे आहे. सकाळपासून.”

“आधी कधी अशी कोसळली होती?”

वही टेबलाच्या कडेला उघडी होती. माझं सुंदर अक्षर. चार ओळी.

“प्रोफेसरबाई. अजून?”

“नाही,” मी म्हटलं. “अजून काही नाही.”

बाहेरच्या बाकावर कौसाबाई चिकूची दोरी मुठीत धरून बसली होती. मधलं दार त्या दिवशी कुणीतरी पुरतं लावलं होतं. मीच लावलं असेल.

सलाईन चालू होतं. बारा वाजायच्या आत चिकू गेली. रक्ताचा रिपोर्ट दुपारी आला. त्यात मिठाचं प्रमाण घसरलेलं आणि पोटॅशियम चढलेलं. त्यांनी तो वाचला, टेबलावर ठेवला, पुन्हा उचलून वाचला. “तोच होता,” म्हणाले. मग भिंतीतल्या कपाटाकडे बघून, “त्याचं इंजेक्शन इथंच होतं. दोन शिश्या. खात्री असती तर लगेच दिलं असतं. वाचलीच असती असं नाय म्हणत मी. पण कदाचित.” आणि मग त्यांनी वही ओढून घेतली. “मुलं गेली तेव्हा नाही, आणि डीजेनं पडली? कसं काय?” हा प्रश्न मला नव्हता. ते स्वतःलाच विचारत होते. “ही वही माझ्याकडं राहू द्या.”

संध्याकाळी तुमच्या बाबाचा फोन आला. काय झालं म्हणाला. मी म्हटलं, “डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही.” एवढंच. बाकीचं त्याच्या रागाने जोडलं. त्याने त्यांना पत्र लिहिलं: तीन महिने वही तुमच्यापुढे होती, तुम्ही काय वाचत होता? त्या पत्राला उत्तर आलं नाही, आणि आपल्या घरात ‘तो डॉक्टर’ तयार झाला.

पुढचं मला सरोदेंकडून कळत गेलं. मुनीरभाई आता विचारत नाहीत. जनावर आलं की यादी देतात, एवढ्या तपासण्या करून आणा. हात खाली सोडतात, हुंगून होईपर्यंत थांबतात, पण नंतर बोलत नाहीत. शिकायला येणाऱ्या नव्या डॉक्टरांना ते आपली चिकूची वही दाखवत आणि सांगत, “मालक शिकलेला, वही उत्तम, मी विचारायचं ते सगळं विचारलं. तरी काही दिसलं नाही. तेव्हा विचारण्यावर भरवसा ठेवू नका.” शहागंजच्या अम्मी नवीन मांजर घेऊन आल्या आणि जाताना सरोदेंच्या दारात थांबून म्हणाल्या, “डॉक्टर साब पूछते नै अब. तबियत तो ठीक है ना उनकी?” हळूहळू लोक यायचे कमी झाले. ज्यांना सांगायचं असे ते दुसरीकडे जाऊ लागले.

मला ते दोनदा भेटले. एकदा औरंगपुऱ्यात, भाजी घेताना. हातात कोथिंबिरीची जुडी, सलाम नाही, नमस्कार नाही. “ते चार दिवस, प्रोफेसरबाई. माझं काय विचारायचं राहिलं?” दुसऱ्यांदा बँकेच्या रांगेत, माझ्या पाठीमागून, अगदी हळू. “मी विचारलं कसं ते आठवतं का तुम्हाला? शब्द कोणते होते?” दोन्ही वेळा मी म्हटलं की आता सोडून द्या. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या जनावराने औषध नाकारावं.

पाच वर्षांनी त्यांनी दवाखाना बंद केला. पाटी मात्र तशीच राहिली.

आपल्या घरात त्या दिवसापासून मी ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द उच्चारलेला नाही. दूधवाला विचारतो, आजी, नेहमीप्रमाणे ना? मी म्हणते, अर्धा लिटर. दुपारी पडले की कधीकधी भांड्यातलं पाणी लपलप प्यायल्याचा आवाज येतो. भांडं मी कधीच देऊन टाकलं आहे. उठून बघते, काही नसतं, आणि पुन्हा आडवी होताना तो आवाज येतो, शांत, घाई नसलेला. अजून?

मागच्या हिवाळ्यात सरोदे म्हणाले, मुनीरभाई मुलीकडे असतात, हृदय दमलं आहे, पायांवर सूज आहे, फार दिवस काढतील असं दिसत नाही. “उशाशी जुने केसपेपर आणि ती वही. मुलगी वैतागली आहे.” मी दुसऱ्याच दिवशी सकाळी गेले. कौसाबाईला बरोबर घेतलं. तिने कशाला म्हणून विचारलं नाही.

ते व्हरांड्यात उन्हात बसले होते. अंगावर शाल, मांडीवर वही. मुलीने आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या. मी बसले नाही. फुलंब्रीपासून तो कायदा त्यांचा होता आणि त्या चार दिवसांपुरती खुर्ची माझी नव्हती. मी उभी राहूनच म्हटलं, “डॉक्टर, ते चार दिवस मी घरी नव्हते हे तुम्हाला माहीत होतं. पण मी कुणालाही विचारलं नव्हतं. कोऱ्या ओळी मी मनाने भरल्या.”

त्यांनी वही त्या पानाशी उघडली. मग त्यांचे ओठ हलले.

“अजून?”

मी तो शब्द त्यांच्या तोंडून कितीतरी वर्षांनी ऐकत होते.

“ती तेव्हा पडली होती. मला ते शेवटच्या दिवशी रिक्षात कळलं. तुम्ही टेबलापाशी विचारलंत तेव्हा मला माहीत होतं.”

आतून मुलीच्या मिक्सरचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत ते थांबले.

“अजून?”

“मुलाला मी सांगितलं की तुमच्या लक्षात आलं नाही. त्याने पत्र लिहिलं. मी त्याला थांबवलं नाही.”

“अजून?”

“अजून काही नाही,” मी म्हटलं, आणि या वेळी ते खरं होतं.

त्यांनी मला रागाने काही म्हटलं असतं तर मी इथे लिहिलं असतं. माफ केलं असतं तर तेही लिहिलं असतं. त्यांनी मान वळवली आणि कौसाबाईला म्हणाले, “तुम्ही होत्या तिच्याजवळ?”

“व्हय डाक्टरसायब.”

“मग बसा. इथं, खुर्चीवर. सांगा.”

कौसाबाई आपल्या घरी इतक्या वर्षांत कधी खुर्चीवर बसली नव्हती. ती खुर्चीच्या कडेला टेकली आणि पदर सावरून सांगायला लागली. “पयल्या दिशी तोंडच लावलं नाय भाकरीला. दारातच बसून व्हती, रस्त्याकडं त्वांड करून. दुसऱ्या दिशी मागचे पाय कापाया लागले. उठायची, पडायची. मी म्हन्लं, मरती का काय.”

“पाणी?”

“प्याली की. एक भगुणं भरून, आन् समदं वकली.”

“किती वेळा?”

“तीनदा. तिसऱ्या टायमाला पिवळं. मंग मी मिठासाखरेचं पानी केलं, आमच्या नातीला करते तसं, चमच्यानं पाजलं रातभर. सकाळी जरा डोळं उघडलं.”

ते दचकले. “मीठ? मीठ कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कोन सांगतंय? मलाच वाटलं.”

“बरोबर केलंत,” ते म्हणाले. “लई बरोबर केलंत. मिठानंच तगली ती.” आणि मग, पूर्वीच्या आवाजात, “अजून?”

कौसाबाईला सगळं आठवत होतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून ते तिच्याजवळ जसंच्या तसं राहिलं होतं. त्यांनी शालीखालून लाल पेन काढलं, ‘नेहमीप्रमाणे’ चार वेळा खोडलं, आणि वरच्या जागेत, समासात, आडवं-उभं लिहीत गेले. माझ्या सुंदर वहीचं ते पान पार बिघडलं. एकदा पेन थांबवून म्हणाले, “म्हणजे मी विचारलं होतं ते बरोबरच होतं.” मग, “त्या दिवशी यांना आत बोलवायला पाहिजे होतं मी.” तिथेही त्यांनी स्वतःसाठी थोडा दोष शिल्लक ठेवलाच.

अन्वी, ओम, हे आता तुमच्या बाबाला वाचून दाखवा. मी त्याला वेगळं लिहिणार नाही. आणि अन्वी, तुझ्या कुत्र्याच्या भांड्यात पाणी मापून ओत.

त्या भेटीनंतर दोन महिन्यांनी सरोदेंचा फोन आला, मुनीरभाई गेले. अंत्यदर्शनाला मी गेले नाही, कारण मी त्यांना आधीच शेवटचं पाहिलं होतं. त्या सकाळी आम्ही निघालो तेव्हा ते निरोप द्यायला उठले नाहीत. दवाखान्यात एरवी कितीही गर्दी असली तरी ते दारापर्यंत येत, आपल्याशी नाही, जनावराशी बोलत. आम्ही अंगण ओलांडलं, कौसाबाईने फाटक उघडलं, आणि मी मागे वळून बघितलं. डोळे वहीवर होते. डाव्या हाताचं बोट ओळीवरून सरकत होतं. उजवा हात त्यांनी खुर्चीच्या बाजूला खाली सोडला होता, पंजाची मागची बाजू पुढे करून, आणि ते थांबले होते.